सिंहगडाचा घाट आणि घरची सायकल : टायर, गिअर, ब्रेक घेताना नेमकं काय बघायचं?

खडकवासला (ता. हवेली) : शनिवार-रविवार उजाडायच्या आत धरणाच्या चौपाटीवरून सायकलवाले जायला लागतात. पुण्याहून सिंहगड रस्त्याने येतात, गोऱ्हे, डोणजे करत गोळेवाडीच्या नाक्यावर पोचतात आणि तिथून घाट धरतात. त्यांच्या सायकली पातळ टायरच्या, एका हाताने उचलता येतील अशा. त्यांचं बघून आजूबाजूच्या गावांतली पोरंही निघतात, पण घरच्या सायकलीवर. जाड गोट्यांचे टायर, पुढे-मागे शॉकअप, कॅरिअर, स्टँड सगळं तसंच. यातली बरीच पोरं पहिल्या दोन-तीन वळणांतच उतरून सायकल ढकलायला लागतात आणि घरी येऊन नवीन सायकलचा हट्ट धरतात.

त्यात यंदा जानेवारीत, म्हणजे २०२६ च्या जानेवारीत, पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत आपल्या जिल्ह्यात झाली. मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती या भागांतून परदेशी सायकलपटू डोळ्यांसमोरून सुसाट गेले. एकूण ४३७ किलोमीटरची शर्यत. ती ज्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिली, त्यांच्या डोक्यात सायकल बसली ती बसलीच.

आता प्रश्न असा की घाट चढायला लाखाची सायकल लागते का? शर्यत जिंकायची असेल तर पुढे-मागे लागेल. पण गड चढून धडधाकट खाली यायचं असेल तर नाही लागत. घरच्या सायकलीचे तीन-चार पार्ट नीट निवडले तरी खूप फरक पडतो. फक्त बहुतेक जण पैसे चुकीच्या क्रमाने घालवतात. आधी रंगीत हँडल आणि भारी सीट घेतात, मग टायर, आणि ब्रेकचं रबर अगदी शेवटी, तेही झिजून लोखंड रिमला घासायला लागल्यावर. क्रम याच्या बरोबर उलटा हवा.

घाट आहे तरी केवढा?

खडकवासला धरणाच्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ५८० मीटरच्या आसपास. सिंहगडाची उंची १३१२ मीटर. गोळेवाडीच्या नाक्यापासून वर गाडीतळापर्यंतचा डांबरी घाट आठ-नऊ किलोमीटरचा आहे आणि तेवढ्यात सहाशे मीटरच्या आसपास चढ होतो. म्हणजे सरासरी शंभर मीटर पुढे गेलं की सात मीटर वर. काही वळणांवर याहून बराच खडा. (आतकरवाडीची पायवाट वेगळी, तिचा इथे संबंध नाही.)

साठ किलोचा मुलगा आणि पंधरा किलोची सायकल धरली तर साधारण तब्येतीच्या माणसाला या चढावर ताशी आठ किलोमीटरचा वेग जमतो. म्हणजे वर जायला तास-सव्वा तास. हा ताशी आठचा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर आहे.

आधी ब्रेक, कारण वर गेलेला खाली येणारच

पंच्याहत्तर किलोचं ओझं सहाशे मीटर खाली आणायचं म्हणजे जी ताकद चढताना घातली ती सगळी कुठेतरी जिरवावी लागते. ती ताकद उष्णतेत मोजली तर सव्वा लिटरपेक्षा जास्त पाणी गार असताना चुलीवर ठेवून उकळी आणण्याएवढी भरते. वेगात उतरलात तर त्यातला मोठा वाटा वारा खातो, पण वेग हाताबाहेर जातो. ब्रेक न लावता नुसती सायकल सोडली तर सात टक्क्यांच्या उतारावर ती ताशी ४०-४५ ला सहज जाते, आणि पुढे वळण, वळणावर खडी, समोरून पर्यटकांची गाडी. सावकाश उतरलात तर निम्म्याहून बरीच जास्त उष्णता ब्रेकच्या रबरात आणि रिममध्ये जाते.

म्हणून रिमवर घासणारे ब्रेक असतील तर घाटाच्या मध्यावर रिमला हात लावून बघा (सायकल थांबवून, आणि बोट पटकन काढून). रिम चांगलीच तापलेली असते. तापलेल्या रिमने आतली हवा फुगते आणि जुन्या पंक्चरच्या पट्टीचा सोल्युशन मऊ होतो. गावात सपाटीवर महिनोन्‌महिने टिकलेली पट्टी घाटात सुटते ती यामुळे. ज्या ट्यूबला चार-पाच पट्ट्या आहेत ती शाळेत जायला ठेवा. घाटाला जाताना निदान पुढच्या चाकात नवी ट्यूब टाका. मागचं चाक बसलं तर सायकल डुलते, सावरता येते. पुढचं बसलं तर सावरायला वेळच मिळत नाही.

रिम कशाची आहे हे बघणं त्याहून महत्त्वाचं. जुन्या काळ्या सायकलींना आणि स्वस्तातल्या बऱ्याच सायकलींना लोखंडी, चकचकीत निकेल केलेली रिम असते. कोरडी असताना ती बरी थांबते. ओली झाली की रबर तिच्यावरून नुसतं घसरतं आणि सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं. दांडीच्या ब्रेकची सायकल पावसात घाटात नेऊच नये. ॲल्युमिनियमची, म्हणजे दुकानात जिला अलॉय रिम म्हणतात ती, ओली असतानाही पुष्कळ बरी पकडते. जमलं तर निदान पुढचं चाक तरी अलॉय रिमचं करून घ्यावं. जुना हब ठेवून नवी रिम आणि आरे बांधून देणारे मिस्त्री अजून आहेत. रिम नेताना जुनी सोबत न्या, आऱ्यांची भोकं सारखी हवीत, नाहीतर नवी रिम घेऊन परत यावं लागतं.

ब्रेकच्या रबराला तर दोन माणसांच्या चहा-भजीएवढा खर्च. रबरावर खाचा असतात, त्या दिसेनाशा झाल्या की बदला. जुनं रबर झिजलेलं नसलं तरी उन्हाने कडक होतं. नख दाबून बघा, अजिबात दबलं नाही तर ते लाकडासारखं झालंय. रबर रिमवर पूर्ण टेकलं पाहिजे. वर सरकून टायरला घासत असेल तर एका घाटात टायर कापला जातो. वायरही बघा. लिव्हरच्या तोंडाशी वायरचा एक पदर जरी तुटलेला दिसला तरी आख्खी वायर बदला. बाकीचे पदर नेमके तेव्हा तुटतात जेव्हा लिव्हर जोरात दाबली जाते.

डिस्क ब्रेकच्या सायकली आता गावोगाव आल्यात. चांगले असतात, रिम तापत नाही, पावसात फरक पडत नाही. पण स्वस्तातल्या डिस्कला दोन दुखणी असतात. एक म्हणजे आतला पॅड झिजला की वायर ओढून घेऊन लोक चालवतच राहतात, पॅड संपलाय हे बाहेरून दिसत नाही. दुसरं दुखणं आपण स्वतः करतो. चेनला तेल सोडताना किंवा फवारा मारताना तो डिस्कच्या चकतीवर उडतो. तेलाचा नुसता ओघळ गेला तरी ब्रेक बोथट होतो आणि पॅडने तेल पिलं की तो फेकावाच लागतो. चेनला तेल घालताना चकतीवर जुनं फडकं टाका. आणि उतरून आल्या आल्या चकतीला हात लावू नका, चांगला चटका बसतो.

पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून उडतो, ही भीती घरोघरी शिकवलेली असते. तिच्यात थोडं खरं आहे, पण त्यामुळे पोरं फक्त मागचा ब्रेक दाबत घाट उतरतात आणि खरा धोका तिथे आहे. ब्रेक लागला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि नुसतं फरफटतं. थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकात असते. दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा हळूहळू वाढवत, आणि अंग सीटवर मागे सरकवून. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, मोटारसायकलसारखाच, तरी आपल्या सायकलचा कोणता ते सपाटीवर बघून घ्या. ब्रेक सतत धरून ठेवू नये. वळणाच्या आधी चांगला दाबून वेग मोडायचा, मग सोडायचा. वळणात शिरल्यावर दाबायचा नाही. अर्ध्या घाटात पाच मिनिटं थांबून चाकं गार होऊ द्यायला काही बिघडत नाही, तिथून धरणाचं पाणीही छान दिसतं.

टायर : जाड की पातळ हा प्रश्नच चुकीचा

दुकानात गेलं की पोराचं लक्ष जाड, गोट्यांच्या टायरकडे जातं. मोठ्या गोट्या म्हणजे जास्त पकड, असा समज. शेतातल्या चिखलात ते खरं आहे. ट्रॅक्टरच्या टायरला गोट्या असतात त्या मातीत रुतून जोर घेण्यासाठी. डांबराला रुतायला जागाच नाही. तिथे गोटी नुसती वाकते, आणि प्रत्येक वेळी वाकताना तुमच्या पायातला जोर खाते. गोट्यांचा टायर डांबरावर घरघर आवाज करतो ना, तो आवाज म्हणजे वाया गेलेली मेहनत.

पावसाचं काय? मोटारीच्या टायरला पाणी बाहेर काढायला खाचा लागतात हे खरं. पण मोटारीचा टायर रुंद आणि चपटा असतो, वेगही मोठा. सायकलचा टायर अरुंद, गोल आणि जास्त हवेचा, तो पाणी आपोआप बाजूला सारतो. सायकलच्या वेगाला तो पाण्यावर तरंगत नाही. म्हणून ओल्या डांबरावरही गुळगुळीत टायर गोट्यांच्या टायरपेक्षा चांगला धरतो, कारण रबराचा जास्त भाग रस्त्याला टेकलेला असतो. ऐकायला उलटं वाटतं, पण शर्यतीच्या सायकलींचे टायर बघा, पावसातही गुळगुळीतच असतात. शेवाळ, पालापाचोळा, सांडलेलं ऑईल यावर मात्र कुठलाच टायर धरत नाही.

मग एकदम पातळ घ्यावा का? तेही नको. एकाच दाबाची हवा असेल तर रुंद टायर पातळ टायरपेक्षा हलका पळतो, कारण तो रस्त्यावर कमी लांब दबतो. हे कळल्यावर मोठ्या शर्यतींतले सायकलपटूही गेल्या काही वर्षांत २३ मिलिमीटरच्या टायरवरून २८-३० वर आले आहेत. आपल्या रस्त्यांवर खडी, खड्डे, स्पीडब्रेकर सगळंच आहे, त्यामुळे आपण त्याहूनही रुंद घ्यावा. २६ इंची सायकलला १.५ ते १.७५ इंच रुंदीचा, मधून गुळगुळीत आणि कडेला बारीक नक्षीचा टायर घाटाला उत्तम. शेताच्या कच्च्या वाटेवरही तो चालतो. चार इंची 'फॅट' टायरची सायकल दिसायला दणकट, पण ती वाळू-बर्फासाठी बनवलेली वस्तू आहे. तिच्यावर सिंहगड चढायचा म्हणजे निम्मी मेहनत टायरला दान.

टायर आणताना सगळ्यात जास्त फसगत मापाची होते. '२६ इंची द्या' म्हटलं की झालं, असं नसतं. २६ बाय १.७५ आणि २६ बाय १ ३/८ हे दोन्ही २६ इंचीच, पण एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. म्हणून टायरच्या बाजूला बारीक अक्षरात दोन आकडे असतात ते वाचा. उदाहरणार्थ ४७-५५९. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर जिथे टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुन्या टायरशी तंतोतंत जुळलाच पाहिजे. आजच्या बहुतेक गिअरच्या २६ इंची सायकलला तो ५५९ असतो. २६ बाय १ ३/८ ला ५९०. साडेसत्तावीस इंचीला ५८४. एकोणतीस इंची आणि शर्यतीवाल्यांची ७०० दोन्हींना ६२२, म्हणजे नाव वेगळं, रिम एकाच मापाची. आपल्या जुन्या काळ्या सायकलच्या २८ बाय दीडला ६३५. मोबाईलवर त्या आकड्याचा फोटो काढा आणि दुकानदाराला तोच दाखवा. पहिला आकडा, रुंदीचा, थोडा कमी-जास्त चालतो. फक्त टायर फ्रेमला किंवा मडगार्डला घासत नाही ना हे चाक फिरवून बघा.

हवेचा दाब हा तर फुकटचा पार्ट. साठ किलोच्या आसपासच्या माणसाला १.७५ च्या टायरमध्ये ४० ते ५० पौंड पुरतात, मागे पाच पौंड जास्त, कारण मागच्या चाकावर वजन जास्त असतं. ७०० बाय ३५ असेल तर ५० ते ६०. टायरच्या बाजूला कमाल दाब छापलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. हवा कमी असेल तर टायर दबून ओढतो आणि खड्ड्यात ट्यूब रिममध्ये चिमटून सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात. फार कडक असेल तर खडबडीत डांबरावर सायकल उड्या मारते, वेग वाढत नाही आणि उतारावर पकडही जाते. पंपावर मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असलेल्या ट्यूबमध्ये दाब मोजून भरता येतो. जुन्या पद्धतीच्या, आत रबरी नळी असलेल्या व्हॉल्व्हला मीटर नीट लागत नाही, म्हणून ट्यूब बदलताना पहिल्या प्रकारची घ्या.  पंपावरचा कॉम्प्रेसर मोटारींसाठी असतो, सायकलचा टायर सेकंदात भरतो. थोडी-थोडी भरा, नाहीतर कानाशी बार होतो.

बाभळीचे काटे आणि चौपाटीवरच्या काचा यावर अजून तरी जुनाच उपाय चांगला : खराब ट्यूब उभी कापून पट्टी करायची आणि टायर-ट्यूबच्या मध्ये घालायची. वजन थोडं वाढतं, पण घाटात पंक्चर काढत बसण्यापेक्षा बरं.

गिअर : पायाला सोसेल असा दात

१९३७ पर्यंत फ्रान्समधल्या प्रसिद्ध टूर द फ्रान्स शर्यतीत आजच्यासारखे चेन सरकवणारे गिअर वापरायला परवानगीच नव्हती. मागच्या चाकाला दोन बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चकती असायची. डोंगर आला की सायकलपटू उतरायचे, चाक काढायचे, उलटं बसवायचे आणि मोठ्या चकतीवर चढायला लागायचे. म्हणजे जगातल्या सगळ्यात कणखर गड्यांनाही चढावर सपाटीचा गिअर झेपत नव्हता. आपल्या पोराला झेपला नाही तर त्यात त्याचा काही कमीपणा नाही.

हिशेब सोपा आहे. पुढच्या चकतीचे दाते भागिले मागच्या फ्रीव्हीलचे दाते, गुणिले चाकाचा घेर. बिनगिअरच्या २६ इंची सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण पाच मीटर जाते. ताशी आठ किलोमीटरच्या वेगाने मिनिटाला १३३ मीटर कापायचे, म्हणजे मिनिटाला फक्त २७ फेरे. प्रत्येक फेऱ्यात उभं राहून सगळं वजन टाकावं लागतं. गुडघे दुखतात ते यामुळेच. पायाला सुखाचा वेग मिनिटाला ७० ते ८० फेऱ्यांचा.

आता २१ गिअरची सायकल घ्या. पुढे तीन चकत्या, बऱ्याचदा ४२, ३४ आणि २४ दात्यांच्या. मागे सात, त्यातली मोठी २८ ची. पुढे २४, मागे २८ लावलं की एका फेऱ्यात पावणेदोन मीटर. तोच ताशी आठचा वेग मिनिटाला ७६ फेऱ्यांनी निघतो. चढ तोच, माणूस तोच, फक्त ओझं तिप्पट हप्त्यांत वाटलं गेलं.

तरीही गावातली बरीच पोरं २१ गिअरची सायकल असून पुढची चकती मधल्यावरच ठेवून चढतात, कारण पुढचा गिअर बिघडलेला असतो आणि तो कुणी दुरुस्त करत नाही. नवीन काही घेण्याआधी तेवढं करून घ्या. एक वायर, एक स्क्रू आणि मिस्त्रीचा अर्धा तास, बाकी काही नसतं. त्यावरही जड जात असेल तर मागचं फ्रीव्हील बदलून १४ ते ३४ दात्यांचं घ्यावं. त्यातली शेवटची चकती मुद्दाम मोठी, घाटासाठीच असते. घेण्याआधी दोन गोष्टी विचारा : मागचा गिअर ओढणारा सांगाडा ३४ दाते घेतो का, आणि चेन पुरते का. चेन आखूड राहिली आणि चुकून मोठीवर मोठी चकती पडली तर सांगाडा मोडतो. बिनगिअरच्या सायकलला मागे २२ चं फ्रीव्हील टाकून एका फेऱ्याला चार मीटरपर्यंत आणता येतं. डोणज्यापर्यंतच्या रस्त्याला तेवढं पुरेल, पुढच्या घाटाला नाही. गिअर बदलताना पायावरचा जोर क्षणभर सोडा. चढ अंगावर आल्यावर जोर लावत गिअर टाकला की चेन निसटते किंवा तुटते.

चेन झिजली का हे लोखंडी पट्टीने कळतं. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढे गेला असेल तर चेन आणि फ्रीव्हील दोन्ही गेलं समजा. अर्धा सूत गेला असेल तर फक्त चेन बदलून भागतं. म्हणून वेळेत बदलावी, ते स्वस्त पडतं. झिजलेल्या फ्रीव्हीलवर नवी चेन टाकली तर ती जोर लावला की दात्यांवरून उड्या मारते, आणि उभं राहून पायडल मारताना ती सटकली तर माणूस दांडीवर आपटतो.

वजन, सीट आणि जुन्या बाजारातली सायकल

चढावर वजनाचा हिशेब जवळजवळ सरळ असतो. एकूण पंच्याहत्तर किलोत एक किलो कमी केला तर तासाच्या चढात पाऊण मिनिटाच्या आसपास वाचतं. कॅरिअर, जड स्टँड, पुढची टोपली काढली की दोन किलो सहज जातात. मडगार्ड पावसाळ्यात राहू द्या. हजारो रुपये देऊन दोनशे ग्रॅम हलकं हँडल आणण्यापेक्षा हे बरं. मागचा शॉकअप मात्र खरा चोर आहे, वजनही वाढवतो आणि पायडलचा जोरही दाबून खातो. नवी सायकल घ्यायचीच असेल तर मागे शॉकअप नसलेलीच घ्या. पुढचा असेल आणि त्याला लॉकचं बटण असेल तर चढताना लॉक करा.

सीटची उंची बदलायला फक्त पाना लागतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली गेल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात, त्यात निम्मी ताकद जाते. उतरताना भीती वाटत असेल तर वर गाडीतळावर पोचल्यावर सीट दोन बोटं खाली घ्यावी.

शहरातून जुनी रेसिंग सायकल स्वस्तात मिळते म्हणून आणणारेही आहेत. आणायला हरकत नाही, पण रिम तपासा. रिमवर ब्रेक घासून-घासून ॲल्युमिनियम झिजतं. बाजूला बोट फिरवा, खोलगट वाटली तर ती रिम पातळ झालीय आणि जास्त दाबाच्या हवेने ती उतारावर फाटू शकते. काही रिमवर बारीक रेघ किंवा खळगा मुद्दाम केलेला असतो, तो दिसेनासा झाला की रिम संपली. टायरच्या बाजूला भेगा असतील तर नक्षी कितीही शाबूत असो, टायर बदला. फ्रेमच्या जोडाजवळ रंगाला केसाएवढी चीर दिसली तर सौदा सोडून द्या. चाक उचलून फिरवा, आउट असेल तर काढता येतो, पण डावी-उजवीकडे हललं तर छर्रे आणि हब बघावे लागतील.

घाटाला निघण्याआधी आदल्या संध्याकाळी ब्रेक, हवा, चाकांचे नट एवढं बघून ठेवावं. डोक्याला हेल्मेट, मागे लाल दिवा, सोबत एक ट्यूब आणि पंप. सुट्टीच्या दिवशी नऊनंतर घाटात मोटारींची गर्दी होते, त्यामुळे पहाटेच चढावं आणि गर्दी वर यायच्या आत उतरावं. पावसाळ्यात दरडींमुळे घाट मधूनमधून बंद असतो, तेव्हा डोणज्यातून पुढे निघण्याआधी नाक्यावर चौकशी करून घ्यावी. पहिल्यांदा जाणाऱ्याने एकदम गाडीतळ गाठायची घाई करू नये. पहिले दोन किलोमीटर चढून तिथूनच उतरून बघावं, नाक्यावर थांबून रिम किती तापली, रबर किती घासलं, वायर सैल झाली का ते पाहावं, आणि सगळं ठीक असेल तर पुढच्या रविवारी वर जावं.